रंगनाथ चावीवाल्याच्या घरचा कॉक

नाव घेऊन झालं, टाळ खाली ठेवले. आता जरा टेकून बसा मंडळी. दिवसभर सगळेच राबून आलाय, मला दिसतंय. त्या खांबाशी बसलेल्या बाबांचे डोळे तर केव्हाच मिटलेत — मिटू द्या, कान उघडे असले म्हणजे झालं!

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा आहे, पण उत्तराची घाई करू नका. सेवा करणं अवघड, का सेवा करून घेणं अवघड?

हां, बघा, लगेच माना हलल्या. ‘महाराज, करणंच अवघड! घ्यायला काय लागतं? पाय लांब करायचे आणि पडून राहायचं!’ असंच ना? मलाही असंच वाटत होतं. मी पण वीस वर्षं सांगत आलो, सेवा करा, सेवा करा. घ्यायला काय लागतं, हे मला एका घरातल्या पाण्याच्या कॉकनं शिकवलं. हसू नका. पुराणातली कथा ऐकायला आलात आणि महाराज नळाची गोष्ट सांगतात, म्हणून हसताय. पण मंडळी, घरात राम राहतो असं आपण म्हणतो, मग त्या घरात नळ असणारच की! ऐका.

एक गाव. तालुक्याचं ठिकाण, पाण्याला दुष्काळी. नळाला पाणी पाच दिवसांनी एकदा, तेही तासभर. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथलं कुणी इथं बसलेलं असायचं. त्या गावात रंगनाथ वाघचौरे नावाचे एक गृहस्थ. वय अडुसष्ट. हे गावाच्या पाणीपुरवठ्यात कामाला होते — चावीवाले. म्हणजे काय, तर खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकायची, रस्त्यातलं झाकण उघडायचं, खाली वाकून वॉल्व फिरवायचा. या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू. एकतीस वर्षं हेच काम. कुठला वॉल्व किती आट्यांचा, म्हणजे चावीचे किती फेरे मारायचे, सगळं तोंडपाठ. सुतार गल्लीचा चौदा, बाजारतळाचा बावीस. पहाटे रंगनाथ अण्णा दिसले की बायका हंडे काढायच्या. त्यांच्या हातांवर गाव उठायचं, असं म्हणा ना!

निवृत्त झाले. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. एक मुलगा, तो कंटेनरवर ड्रायव्हर — महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस घरी. म्हणजे घरात माणसं दोनच. अण्णा आणि सून उज्ज्वला. उज्ज्वला एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून कामाला. सकाळी सातला जायची, संध्याकाळी साडेपाचला यायची. तिथं काय काम? पेशंटला उठवा, बसवा, भरवा, पुसा, कपडे बदला. दिवसभर दुसऱ्याची शरीरं उचलायची आणि घरी येऊन स्वयंपाक, धुणं, भांडी. अशा बाया तुमच्यातही बसल्यात. बसल्या बसल्या ज्यांचे खांदे खाली आलेत ना, त्यांनाच मी म्हणतोय.

आता कॉक. घराच्या जिन्याखाली गच्चीवरच्या टाकीचा पाइप खाली येतो, तिथं मेन कॉक. पितळी, चक्रीचा. सव्वीस वर्षांपूर्वी अण्णांनीच स्वतः बसवलेला. हा बंद केला की घरातलं सगळं पाणी बंद, असा त्याचा धर्म. पण सव्वीस वर्षांत तो झिजला. चक्री फिरायची, पाणी मात्र थांबायचं नाही. आणि मानेतून गळायला लागला. आधी अधूनमधून थेंब, मग थेंबामागून थेंब. खाली बादली ठेवली. दुष्काळी गाव, पाणी वाया कसं घालवणार? सकाळी उज्ज्वलानं ती उचलून पिंपात ओतायची, संध्याकाळी पुन्हा ओतायची. जिन्याखालची फरशी कायम ओली, तिच्यावर हिरवं शेवाळ.

उज्ज्वला म्हणाली, अण्णा, प्लंबरला बोलवू या. दोन घरं सोडून हनीफ तांबोळी राहायचा, चांगला कारागीर. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, टाकी रिकामी होत आली की त्या दिवशी सांगा, तासाभराचं काम आहे, नवा कॉक टाकून देतो. पण अण्णा म्हणाले, या घरात प्लंबर यायचा नाही. गावाचे वॉल्व मी सांभाळले, माझ्या घरचा कॉक मी बदलीन.

बरं, बदलीन म्हणाले, तर बदलायचा ना! आठवडा गेला, महिना गेला, दोन महिने गेले. अण्णा खुर्चीत बसलेले. उज्ज्वला बादली उचलते, अण्णा बघतायत. ती वाकून फरशी पुसते, अण्णा बघतायत. बादलीच नाही — वर्ष-दीड वर्ष झालं, हा माणूस घरातली काडी इकडची तिकडे करत नव्हता. जेवायला वाढलं तर ‘ठेव, जेवतो नंतर’ म्हणायचे, आणि ती कामाला गेल्यावर जेवायचे. ताटाभोवती शितं सांडलेली, ती तिनं येऊन पुसायची. चहा दिला तर नको म्हणायचे. कधी बोलले तर एवढंच, की भाजीत मीठ कमी आहे.

तुम्ही उज्ज्वलाच्या जागी असता तर काय वाटलं असतं? खरं सांगा. तिलाही तेच वाटत होतं. तोंडानं बोलत नव्हती, सुसंस्कारी बाई. पण बादली आपटण्याचा आवाज असतो ना मंडळी, त्यात सगळं असतं! पुरुषांनो, घरात भांडं आपटलं की समजून घ्यावं, वाक्य पूर्ण झालेलं आहे.

एक दिवस सकाळी पाण्याची पाळी होती. टाकी काठोकाठ भरली. उज्ज्वला भरलेली बादली उचलून वळली आणि शेवाळावर पाय गेला. पाठीवर आपटली. बादली अंगावर. अण्णा खुर्चीतून उठले, दोन पावलं पुढं आले — आणि थांबले. हात पुढं केला नाही. उज्ज्वला जमिनीवरून त्यांच्याकडे बघत होती. सासरा समोर उभा आहे, सून पडलीय, आणि तो हात देत नाही. ती भिंत धरून स्वतःच उठली. साडी बदलली. कंबर धरून, लंगडत कामाला गेली. सुट्टी घेतली असती तर त्या दिवशी तिकडच्या पेशंटचं कुणी केलं असतं?

दार लोटलेलं होतं. अण्णा घरात एकटे. आणि मंडळी, आता मी तुम्हाला ते सांगतो, जे त्या घरात एकट्या अण्णांनाच माहीत होतं.

त्यांचे हात गेले होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी बोटं आखडायला लागली. आधी सकाळपुरती, मग दिवसभर. सांध्यांना गाठी आल्या. मूठ वळेना. घास उचलायचा तर चार बोटांच्या मागच्या बाजूनं ढकलत तोंडाशी न्यायचा, म्हणून कुणासमोर जेवायचं नाही. कप धरता येत नाही, म्हणून चहा नको. बटण लागत नाही, म्हणून बाराही महिने अंगात बिनबटणांची बंडी, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, उकडतं. पडलेल्या सुनेला हात द्यायचा म्हणजे तिचा हात पकडावा लागतो. पकडायचं कशानं? म्हणून थांबले.

एकतीस वर्षं ज्या हातांनी गावाचं पाणी फिरवलं, ते हात गेले हे सांगायचं कुणाला? आणि कसं? त्यांनी सांगितलंच नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, डॉक्टरलाही नाही. दिवसभर हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसायचे. लोकांना वाटायचं, काय ऐटीत बसलाय म्हातारा!

पण त्या सकाळी सून पडली, आणि त्यांना राहवेना. तिनं वर बघितलं ती नजर डोळ्यांपुढून हलेना. दुपारी उठले. माळ्याखालच्या पेटीतून मोठा पाना काढला — काढला म्हणजे दोन मनगटांत धरून ओढला. ठरवलं, कॉक बदलता नाही आला तरी मानेवरचा नट आवळू, निदान गळणं तरी थांबेल.

पाना नटाला लावला. बोटांत धरवत नाही, म्हणून त्याच्या दांड्यावर छाती टेकली आणि सगळं अंग टाकलं. सव्वीस वर्षांचं पितळ. एकदा कुरकुरलं. अण्णांनी पुन्हा जोर दिला, आणि मानच तुटली. चक्रीसकट वरचा भाग उडून जिन्यावर जाऊन पडला, आणि भरल्या टाकीचं पाणी उसळलं ते थेट जिन्याच्या छताला!

पाच दिवसांचं पाणी मंडळी. तुमच्याकडे रोज येतं, तुम्हाला कळायचं नाही. अण्णांनी भोकावर तळवा दाबला. तळवा सपाट होईना, बोटांच्या फटीतून पाणी. टॉवेल कोंबायला गेले, टॉवेल हातातून गळून वाहून गेला. शेवटी पाठ लावून बसले त्या कॉकला. पाठीवर धार, पाय पाण्यात.

हाक मारायची का? दार नुसतं लोटलेलं, गल्लीत माणसं. एक हाक मारली की कुणीही येईल. पण येईल तो काय बघेल? रंगनाथ चावीवाला स्वतःच्या घरचा कॉक मोडून पाण्यात बसलाय. अण्णा गप्प बसून राहिले. किती वेळ, त्यांनाही सांगता आलं नाही. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘महाराज, टाकी संपेपर्यंत तसाच बसणार होतो. संपली की आपोआप थांबेल, असं मनात होतं.’

पण पाण्याला कुठं आपली लाज कळते? ते उंबरा ओलांडून आतल्या खोलीकडे निघालं. आत वर्षाचा गहू जमिनीवर ठेवलेला, तीन पोती. उज्ज्वलानं निवडून, वाळवून भरलेला, रविवार-रविवार बसून. पोतं हलवायला हात नाहीत. पाणी पोत्याला टेकलं तेव्हा अण्णांनी तोंड उघडलं.

‘हनीफ!’

हनीफ जेवत होता. हात न धुता आला. एका नजरेत सगळं बघितलं आणि सरळ गच्चीवर पळाला. टाकीत खांद्यापर्यंत हात घालून तळाच्या भोकात फडकं गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकली. खाली पाणी थांबलं. टाकीत उरलं होतं वीतभर. मग त्यानं बायकोला बोलावलं, दोघांनी पोती ओढली. दोन वाचली. एक खालून भिजलं, ते गच्चीवर चादरीवर पसरलं.

मग हनीफ कॉकपाशी बसला. जुना तुकडा खोलला, आटे साफ केले, धागा गुंडाळला, नवा कॉक घरून आणून चढवला — आताचा, छोट्या दांडीचा, पाव फेऱ्यात बंद होणारा. अण्णा शेजारी उभे. काम करता करता हनीफनं मागं न बघता म्हटलं, अण्णा, तो पाना द्या. पाना अण्णांच्या पायाशीच होता. अण्णा वाकले. उचलला, पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. आता हनीफनं वळून बघितलं. पाना नाही बघितला, हात बघितले.

पाना तसाच राहू दिला. मग हळूच विचारलं, ‘हे कधीपासून?’

‘दोन वर्षं.’

‘घरात माहीत आहे?’

अण्णांनी मान हलवली, नाही.

हनीफ पाना उचलून पुन्हा कामाला लागला. आणि कॉक आवळता आवळता म्हणाला, ‘मग अण्णा, त्या पोरीला इतके दिवस तुम्ही कसले माणूस वाटत असाल?’

मंडळी, मी शास्त्रं वाचलीत. थोडीफार. पण असा प्रश्न मला कुठल्या पोथीत सापडला नाही! अण्णांना वाटत होतं, मी माझं दुखणं लपवतोय, यात दुसऱ्याचं काय जातं? उलट तिला ताप नको म्हणून लपवतोय. आणि ते दुखणं तर रोज दोन बादल्या होऊन तिच्याच कमरेवर बसत होतं. वर तिच्या मनात राग साचत होता, तो वेगळाच. त्याचा भार कुणी उचलायचा?

साडेपाचला उज्ज्वला आली. दारातच ओल, भिंती ओल्या, गहू दिसेना. अण्णा ओल्या कपड्यांत खुर्चीत. तिनं पिशवी खाली ठेवली आणि काही न विचारता कोपऱ्यातला झाडू घेतला. माणूस फार दमला की विचारतसुद्धा नाही, पाहिलंय तुम्ही? थेट झाडू घेतो.

अण्णा म्हणाले, ‘उज्ज्वला, बस जरा.’

ती उभीच राहिली. अण्णांनी मांडीखालून दोन्ही हात काढले आणि तिच्यापुढं धरले. दवाखान्यातली बाई ती. बघितल्याबरोबर कळलं. झाडू खाली ठेवून तिथंच ओल्या फरशीवर बसली. हात हातात घेतले, एकेक बोट हलवून बघितलं, जसं तिकडं पेशंटचं बघायची. मग एकेक विचारत गेली. म्हणून चहा नको? म्हणून माझ्यासमोर जेवत नव्हता? म्हणून सकाळी? अण्णा प्रत्येकाला हो म्हणत गेले.

‘मी तुम्हाला माजोरडे समजत होते,’ ती म्हणाली. ‘मनात काय काय बोललेय तुम्हाला.’

‘मला ऐकू यायचं ते.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘माजोरडा म्हणवून घेतलेलं बरं वाटायचं,’ ते म्हणाले. ‘लुळा म्हणवून घेण्यापेक्षा.’

तुम्हाला वाटेल, आता सून रडली, सासऱ्याच्या पाया पडली, सगळं गोड झालं. नाही मंडळी. ती म्हणाली, ‘अण्णा, मी फार दमलेय. आज मला रागवायलाही ताकद नाही आणि रडायलाही नाही.’ आणि उठून चहा ठेवला. दोन कप केले. एक त्यांच्यापुढं आणून विचारलं, ‘धरू का?’

अण्णा म्हणाले, ‘धर.’

एवढंच. एक शब्द. दोन वर्षं लागली तो शब्द यायला! तिनं कप ओठाशी धरला, अण्णांनी चहा प्याला. डोळे मिटून प्याले म्हणे, कारण ती इतक्या जवळून बघत होती, ते सोसत नव्हतं. तिच्या हातालाही सकाळच्या पडण्यानं मुका मार होता. कप हलत होता. थोडा चहा बंडीवर सांडला, तो दोघांपैकी कुणीच पुसला नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. टाकीत वीतभर पाणी आणि पुढची पाळी पाच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी उज्ज्वला कामाला जायच्या आधीच अण्णा उठले. रिकामी कळशी कोपराच्या बाकात अडकवली आणि गल्लीत निघाले. पहिल्या घरापाशी थांबले. तिथल्या बाईला वाटलं, अण्णा पाण्याची काही बातमी सांगायला आले. त्यांनी हात पुढं करून दाखवले आणि म्हणाले, माझ्या हातून काल पाणी गेलं, एक कळशी द्या, आणि ती घरी पोचवायला माणूस द्या, मला उचलत नाही. असं सहा घरांत. प्रत्येक दारात हात दाखवले, तेच वाक्य बोलले. पाचव्या-सहाव्या दारात आवाज कापायचा थांबला म्हणे. उज्ज्वला गच्चीवर गहू हलवत होती, तिनं वरून बघितलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच कामाला अर्धा तास उशिरा गेली.

हात बरे झाले का? नाही. तिनं त्यांना दवाखान्यात नेलं, गोळ्या मिळाल्या, दुखणं थोडं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. उज्ज्वलाचं काम कमी झालं का? बादली गेली, पण भरवणं आलं, बटणं आली. दमते अजून. मी गेलो होतो तेव्हाही दमलेली होती. मी विचारलं, बाई, काम तर वाढलंच की तुझं. तर म्हणाली, ‘महाराज, काम तेवढंच आहे. पण आता त्याच्या वर रागाचं ओझं नाही.’

आता सांगा, काय अवघड?

आणि आता मी तुमच्याकडे वळतो, अण्णांना सोडा. तुमच्यातले किती जण आज घरातून निघताना ‘मी बरा आहे’ म्हणून आलात? पुढच्या रांगेतल्या आजी, तुम्हाला या कानानं ऐकू येत नाही, आणि सून उत्तरच देत नाही असं समजून तुम्ही तिला उद्धट म्हणता. सांगितलंत का तिला? मागं उभे आहात ते तरुण — हो, तुम्हीच. महिनाभर झोप नाही हे डोळ्यांवर लिहिलंय, आणि आई विचारते तेव्हा तिच्यावर खेकसता. आपण देवापुढं हात पसरतो, त्यात लाज नाही. माणसापुढं पसरवत नाही! अहो, देव तुमच्या घरी चहाचा कप धरायला यायचा तर कुणाच्या हातानं येणार?

आज घरी गेल्यावर एकालाच, फक्त एकालाच, एक खरं वाक्य सांगा. मला हे जमत नाही. एवढंच वाक्य. सोपं असतं तर मी अर्धा तास बोललो नसतो.

मी सांगून सुरुवात करतो. माझे दोन्ही गुडघे गेलेत. या चौरंगावरून उतरताना रोज मी हसत उतरतो, आणि तुम्ही म्हणता, महाराजांचा काय उत्साह! खाली उतरून खांबाआड दोन मिनिटं श्वास घेत उभा असतो. पेटीवाल्या बापूंनाही आजवर सांगितलेलं नाही.

हरीचं नाव मनातल्या मनात घ्या. टाळ आज वाजवू नका.

बापू, या इकडं. हात द्या मला.